चतुर्थीचं पहिलं ताट

धाकट्या जावेचं चांगलं झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. पोटात दुखलं, अजून दुखतं.

आम्ही दोघी अंबरनाथला एकाच घरात राहतो आणि दोघींचं दुखणंही एकच. चारचौघांत बेतानं जेवायचं आणि घर रिकामं झालं की डबे उघडायचे. फरसाण, टोस्ट, गूळ, कालची पोळी, हाताला लागेल ते, पोट फुटेपर्यंत. तिचं मला ठाऊक नव्हतं, माझं तिला. एकदा ती ऑफिसातून दुपारीच परतली, तेव्हा मी ओट्याशी उभी होते, चिवड्याचा डबा छातीशी धरून. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, मीसुद्धा."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टरबाई तिनंच शोधल्या. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर दवाखाना. खालची मशिनं चालली की पायाखालची फरशी थरथरायची. तिथे मेंदूला वळण लावायचं, म्हणजे कॉम्प्युटरवर समोशाचं नाहीतर केकचं चित्र यायचं. चौकट हिरवी असेल तर बटण दाबायचं, लाल असेल तर बोट आवरायचं. होता होता खऱ्या समोशापुढेही हात थांबायला शिकतो, असं त्या म्हणाल्या. कुणाला फायदा होईल ते मात्र आधी सांगता येत नाही, हेही म्हणाल्या.

आमच्या सासूबाईंना सांगता येत होतं; घरी आम्ही वजन उतरवायचा दवाखाना एवढंच म्हटलं होतं. "मोठीला होणार. तिचा जिभेवर ताबा आहे. धाकटी काय, चतुर्थीलासुद्धा सकाळीच पोहे खाऊन बसते."

यात खोटं काही नव्हतं. सोमवार, चतुर्थी, नवरात्र, सगळे उपास मी कडक करते. चतुर्थीला चंद्र दिसला, नैवेद्य झाला की पहिलं ताट माझं. सासरेसुद्धा थांबतात. या घरात मला तेवढा एकच मान आहे. रंग, शिक्षण, नोकरी, बाकी सगळ्यात धाकटी पुढे.

त्या खेळातही मीच पुढे होते. लाल चौकटीला माझं बोट कधी हललं नाही. ती सारखी चुकायची आणि "अगं बाई, गुलाबजाम होता हो!" म्हणून हसायची. शेअर रिक्षातून परतताना मी तिची समजूत घालायचे. काय बरं वाटायचं ती घालताना!

आणि फरक पडला तो तिला. एका रविवारी दाल-पकवान आणलं होतं, सिंध्यांची ती डाळ आणि कुरकुरीत तळलेल्या पुऱ्या. तिनं अर्धं पकवान खाल्लं, तेवढ्यात फोन आला, ती बोलत बोलत गॅलरीत गेली आणि उरलेलं चक्क विसरली. मी त्या अर्ध्या पकवानाकडे बघत बसले. इतका हेवा मला तिच्या पगाराचाही वाटला नव्हता. मग ते मी खाल्लं, आणि पाठोपाठ पुडीतली सगळी.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरबाईंवर भडकलेच. "मी एकदाही चुकले नाही, मग मला का नाही फायदा?"

"भाभी, वही तो," त्या म्हणाल्या. "ब्रेक तुमचा आधीच टाइट आहे. माझा अंदाज सांगते, आपको ब्रेक नहीं, खाना चाहिए. डबे जास्त कधी उघडता, आठवा जरा."

आठवायला कशाला हवं? उपासाच्या दुसऱ्या दिवशी.

"मग उपास बंद. दुपारी टाइमवर जेवायचं."

जिना उतरताना जाऊ म्हणाली, "ताई, मला तर वाटलं होतं तुम्हालाच जमेल." ती मनापासून बोलत होती, म्हणून तर जास्त राग आला.

पुढच्या चतुर्थीला मी दुपारी वरण-भात जेवले. सासूबाईंनी भांडी आपटली. चंद्रोदयानंतर पहिलं ताट वाढून त्या क्षणभर घुटमळल्या.

"आई, माझा उपास आहे आज," धाकटी म्हणाली. "ऑफिसात काम इतकं होतं, सकाळपासून दुपारपर्यंत काही खायचं सुचलंच नाही. म्हटलं, धरूनच टाकू."

ताट तिच्यापुढे गेलं. सासरे थांबले. तिनं एक मोदक खाल्ला, दुसरा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. डबे फळीवर होते, हाताच्या अंतरावर. मी एकही उघडला नाही, उघडावासाही वाटला नाही. दुपारभर माझ्या डोळ्यांपुढे ते ताटच होतं.