गोठ्याचं दार

सुतार त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे आरसा. चाळीस वर्षं ते फर्निचरला पॉलिश करत आले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलावर कोणी वाकला तर त्याला आपला चेहरा दिसे, आणि बहुतेकांना तो थोडा बरा दिसे. लोक परत येत ते त्यामुळेही असेल.

काम संपलं की ते डोळे मिटून हाताची पालथी बाजू लाकडावरून फिरवत. तळव्याला घट्टे पडले होते, त्याला आता फारसं काही कळत नसे. पालथ्या हाताला मात्र केसाएवढी खोच कळायची. ती लागली की पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा फुंकर, पुन्हा डोळे मिटायचे. घरी जेवणाच्या टेबलावरही हा हात फिरे. "अहो, जेवा आता, टेबल कुठे पळत नाही," असं बायको इतक्या वेळा म्हणाली होती की त्या वाक्यालाही आता पॉलिश चढलं होतं.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला, स्वतःचं स्वतः ठरवणारी. जावयाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती लग्न आखून देणारी बाई मास्तरांच्या कामाच्या शेडमध्ये आली तेव्हा. पांढरे बूट, हातात जाड फाइल. मास्तरांनी स्टूल पुसून दिलं तरी ती रुमाल टाकून बसली. मायलेकी शेजारी उभ्या होत्या.

"आपण सगळं रस्टिक ठेवतोय, काका," ती म्हणाली आणि चित्रं पुढे सरकवू लागली. मोकळं माळरान, मध्ये रंधा न मारलेल्या फळ्यांची लांब टेबलं, तागाची कापडं, कंदील, डबड्यांत खोचलेली रानफुलं. बसायला गवताच्या पेंढ्या.

"पेंढ्यांवर पाहुणे बसवायचे?" बायकोने विचारलं. "मग गुरांना काय, खुर्च्या द्यायच्या?"

"आई!"

"विचारतेय फक्त. तुझी आत्या गुडघ्यांचं ऑपरेशन करून आलीय. ती पेंढीवर बसली की लग्न उरकेपर्यंत तिथेच."

"आत्याला खुर्ची देऊ गं."

"म्हणजे आत्या एकटी शहरातली, बाकी सगळे गावंढळ."

"गावंढळ नाही, काकू," बाई हसून म्हणाली, "रस्टिक."

"हो का? आम्ही असे राहत होतो तेव्हा हा शब्द कोणी सांगितला नाही बाई. उगाच लाजत होतो."

मास्तर एकेक चित्र उजेडाला धरून पाहत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ही टेबलं अशीच ठेवायची? अर्धवट?"

"अर्धवट नाहीत, काका. तशीच असतात ती. आता लोकांना खरखरीत आवडतं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

त्यांनी चित्र खाली ठेवलं. सगळ्यांना आवडणारी गोष्ट आपल्याकडे चाळीस वर्षांत कोणी मागितली नाही, हे त्यांच्या मनात आलं असेल.

मुलगी तोवर शेडच्या मागच्या भिंतीशी गेली होती. तिथे एक दार टेकवून ठेवलेलं होतं. मास्तर ज्या घरात जन्मले तिथल्या गोठ्याचं ते दार. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला ते घर पाडलं, तेव्हा चुलतभावाने टेम्पोतून पाठवून दिलं होतं. ठिगळाला कधीतरी लाकूड लागेल म्हणून मास्तरांनी ठेवून घेतलं आणि विसरून गेले. ऊनपावसाने ते राखेसारखं करडं झालं होतं. नरम लाकूड झिजून गेलेलं, कठीण रेषा वर आलेल्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरांसारख्या. कडीजवळ हाताएवढ्या जागेत काळपट, तेलकट डाग होता.

"बाबा, हा डाग कसला?"

"हाताचा. आई रोज तिथे हात टेकून दार ढकलायची. अडायचं ते."

मुलीने आपला हात त्या डागावर ठेवला. ही आजी तिने पाहिलेली नव्हती. आजीचा एकही फोटो नव्हता.

"हेच," ती म्हणाली. "हे दार आडवं टाकून टेबल करायचं. यावर लग्नाचं रजिस्टर ठेवायचं आणि यावरच सह्या करायच्या. बाकी टेबलं कशीही असोत."

लग्न आखणारी बाई उठून जवळ आली. "अगं, हे तर सोनं आहे!" मग बोटाने चाचपून म्हणाली, "फक्त रजिस्टरखाली पुठ्ठा घ्यावा लागेल. यावर पेन चालायचं नाही, कागद फाटेल."

"पुठ्ठा घेऊ. बाबा, पण याला हात लावायचा नाही हं. पुसायचंसुद्धा नाही. शब्द द्या."

"नाही लावत," मास्तर म्हणाले.

आणि महिनाभर खरंच लावला नाही. त्यांनी दार ठेवायला दोन लाकडी घोड्या केल्या, दार त्यांवर आडवं टाकलं आणि वर जुनी चादर घातली. भाड्याने आलेली खरखरीत टेबलं माळरानावर जाऊन पाहिली. ती दुसऱ्याची होती, त्यामुळे त्रास झाला नाही. कंदील किती, डबडी किती, पाऊस आला तर कापड कुठून ताणायचं, असल्या याद्यांनी घर भरून गेलं. बायकोने आत्याची खुर्ची यादीत सगळ्यांत वर लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

लग्नाला बारा दिवस राहिले होते. दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. मापं नीट आहेत ना हे पाहायला मास्तरांनी चादर काढली आणि हात, त्यांना न विचारताच, पालथा होऊन दारावरून फिरला. कोपऱ्यात कुसळ लागलं. चांगलं बोटभर, वर उठलेलं. मुलगी नेमकी तिथे बसणार होती.

मास्तरांना हे दार ठाऊक होतं. त्याची कुसळं तळव्यात घेऊनच ते लहानाचे मोठे झाले होते. आई सुईने ती काढायची आणि स्वतःच्या हातातली तशीच ठेवायची. सोळाव्या वर्षी ते शहरात आले आणि पहिल्यांदा पॉलिश केलेल्या दाराला हात लावला, तेव्हा त्यांना वाटलं होतं, जगात अशीही दारं असतात.

त्यांनी ते एक कुसळ काढलं. तिथे फिकट जागा दिसू लागली, म्हणून तिची कड पेपरने जरा मोडून घेतली. कड मोडल्यावर फिकट जागा मोठी झाली. लाकडावर एक ठिकाण सुधारलं की शेजारचं बिघडलेलं दिसतं. या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि मग त्याच्यावरच धंदा चालतो. मास्तर शेजारचं ठीक करत गेले. हाताला लय सापडली. पेपर बदलला, आणखी बारीक घेतला. फुंकर मारली. डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि दार नवं होतं. मधासारखं पिवळं, गुळगुळीत. जुन्या लाकडाचा करडा रंग नखाएवढाही जाड नसतो. तो चढायला चाळीस पावसाळे लागले होते, उतरायला एक दुपार लागली. कडीजवळही काही नव्हतं. खाली फरशीवर राखेसारखी पूड पडली होती, आणि त्यातली कुठली कुठल्या जागेची हे आता सांगता येत नव्हतं.

त्यांनी चादर पुन्हा घातली. घरी जाऊन म्हणाले, भूक नाही.

दोन दिवसांनी बायको स्वयंपाकघरात शोधाशोध करत होती. "व्हिनेगरची बाटली कुठे गेली? आणि माझी तारेची घासणी?"

"लागली कामाला."

"कसल्या कामाला? लाकडाचं लोणचं घालताय?"

ते जवळपास खरं होतं. घासणी आणि गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजत घातले, की चार दिवसांनी ते पाणी लाकडाला करडं करतं. आधी कडक चहाचा हात द्यायचा, मग हे पाणी. मास्तरांना ही युक्ती तरुणपणापासून माहीत होती आणि ती त्यांनी कधीच केली नव्हती. खोटं जुनं विकणाऱ्यांशी ते बोलतही नसत. आता त्यांनी चहा उकळला, फडक्याने दारावर फिरवला, वाळू दिला, मग ते पाणी लावलं. त्यांच्या डोळ्यांसमोर लाकूड म्हातारं होत गेलं. कडीजवळचा डाग त्यांनी फडक्याने केला नाही. उजवा तळवा पाण्यात बुडवून तिथे टेकवला. वाळल्यावर पुन्हा टेकवला. सात वेळा.

रंग हुबेहूब आला. पण पाण्याने लाकडाचे बारीक तंतू रोमांसारखे उठले होते. पालथा हात फिरवला तेव्हा ते लागले. आणि मास्तरांनी, दुसरं काहीच मनात न आणता, सगळ्यांत बारीक पेपर घेऊन ते बसवून टाकले.

मुलगी पाहायला आली तेव्हा ते खिशात हात घालून बाजूला उभे राहिले. उजवा तळवा आणि बोटं काळीनिळी झाली होती. लिंबू चोळून उपयोग झाला नव्हता.

तिने चादर उचलली. थोडा वेळ पाहत राहिली. मग कडीजवळच्या डागावर हात ठेवला, जसा पहिल्या दिवशी ठेवला होता, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत नेला.

"ठीक आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक आहे."

"चहा टाकतो."

"नको बाबा, बस चुकेल."

बस दर दहा मिनिटांनी होती. ती गेल्यावर मास्तर बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसले. तिला कळलं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. असं ठरवता येतं, काही दिवस टिकतंही.

लग्नाच्या दिवशी माळरानावर वारा होता. तागाची कापडं उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले होते आणि लोक त्या दगडांचेही फोटो काढत होते. आत्या तिच्या खुर्चीत बसून पेंढीवरच्या नातेवाइकांकडे दयेने पाहत होती. जावयाच्या आईने दाराचं फार कौतुक केलं. "एवढं जुनं काही आमच्याकडे कोणाकडे नाही हो," ती मास्तरांना म्हणाली. मास्तर मान हलवून दुसरीकडे गेले.

"खिशातून हात काढा," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "मुलीच्या लग्नात थंडी वाजतेय का?"

"असू दे."

"फोटोत हात तुटल्यासारखा दिसतोय माणूस."

मग सह्यांची वेळ झाली. रजिस्टर आणलं. लग्न आखणारी बाई मापाने कापलेला जाड पुठ्ठा घेऊन आली, तो दारावर ठेवला आणि त्यावर रजिस्टर ठेवून पान उघडलं. मुलगी बसली, पेन उचललं आणि थांबली. मग तिने रजिस्टर उचललं, खालचा पुठ्ठा काढला आणि बाईच्या हातात दिला.

"अगं, पेन चालणार नाही."

"चालेल," मुलगी म्हणाली.

तिने रजिस्टर सरळ दारावर ठेवलं आणि सही केली. पेन कुठेही अडलं नाही. जावयाने केली, त्याच्या आईने केली. शेवटी साक्षीदार म्हणून मुलीच्या वडलांना बोलावलं. मास्तर बसले. खिशातून हात काढणं भाग होतं.

मुलगी वाकून पान धरून उभी होती. वारा होता म्हणून. तिने त्या हाताकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?" ती हळूच म्हणाली. आजूबाजूला कोणाला ऐकू जाणार नाही असं.

"कोपऱ्यात एक कुसळ होतं," मास्तर म्हणाले.

"मग?"

"ते काढलं."

"बाबा, मला सांगायचं होतंत."

"तू रडली असतीस."

"रडलेच. त्या दिवशी, बसमध्ये. एका बाईने विचारलं, कोणी गेलं का."

मास्तरांनी सही केली. त्यांची सही कधीच चांगली नव्हती, पण त्या दिवशी अक्षर स्वच्छ आलं. पानाच्या कडेला घामेजल्या अंगठ्याचा फिकट करडा ठसा उमटला. बाई टिपकागद घेऊन धावली, तेव्हा मुलीने तिला हाताने थांबवलं.

"आता हे दार शेडमध्ये न्यायचं नाही," ती वडलांना म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता आणि मायेचाही नव्हता. कचेरीत ती असंच बोलत असावी. "बाहेर उभं करायचं. उन्हात, पावसात. आणि त्याला हात लावायचा नाही."

"चाळीस वर्षं लागतील."

"लागू देत."

दार आता शेडच्या बाहेर, दक्षिणेच्या भिंतीला टेकून उभं आहे. पहिल्या पावसाळ्यात व्हिनेगरचा रंग ओघळून गेला आणि खाली पिवळं लाकूड दिसू लागलं. येणारी गिऱ्हाइकं विचारतात, मास्तर, हे पॉलिशला आलंय का? ते म्हणतात, नाही. मुलगी महिन्यातून एकदा येते, चहा घेते, जाताना दारापाशी थोडी थांबते.

दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात एक रेघ तडकली आणि तिचं टोक वर उठलं. शेड उघडताना मास्तरांना ते रोज दिसतं. ते कुलूप काढतात, किल्ली खिशात टाकतात आणि हातही तिथेच ठेवून आत जातात.