चपला घालताना

आमच्या समुपदेशन केंद्रात खोलीबाहेर चपला काढायचा नियम नाही. तरी माणसं काढतात, देवळाबाहेर काढावी तशी. गेल्या गुरुवारी, शिकवणाऱ्या मॅडमशिवाय मी पहिल्यांदाच एकटी बसले. समोरच्या बाई पाऊण तास सुनेबद्दल बोलल्या. वेळ संपल्यावर उठल्या आणि दारात वाकून सँडलचा बंद लावू लागल्या. बंद केव्हाच लागला होता, बोटं मात्र तिथंच फिरत राहिली.

"आणखी एक सांगायचं होतं," त्या खाली बघतच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या गुरुवारी."

मी "बरं" म्हटलं. वेळ पाळायची, असंच शिकवलंय. पण आमच्या घरी येणारे पाहुणेही तासभर हवापाण्याचं बोलतात आणि मनातलं दारात, चपला घालतानाच काढतात. हे मला ठाऊक होतं की! मग मी त्यांना परत आत का नाही बोलावलं?

काल मॅडमनी विचारलं, "कोर्स संपत आला तुझा. शाळेत जाणार, हॉस्पिटलमध्ये, की स्वतःचं सुरू करणार?"

दाराबाहेरच्या रिकाम्या फरशीवरून माझी नजर हलेना.

"मॅडम," मी म्हटलं, "आधी गुरुवारी त्या येऊ देत."