ताईने कापलेला निशिगंध

माझी थोरली बहीण वाणगावला दिली होती. घरामागच्या तुकड्यात ती निशिगंध लावायची. पहाटे खुडायचा आणि उजाडायच्या आत बाजारातल्या हारवाल्याकडे पोचवायचा, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. तिची मुलगी लहानपणी एखादी दांडी घरात ठेवू दे म्हणून हट्ट करायची. ताई म्हणायची, "ही बाजाराची फुलं आहेत गं, आपली नाहीत."

२०१७च्या उन्हाळ्यात ताईचं पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी डहाणूचं घर जावेवर सोपवून तिच्याकडे राहायला गेले. भाची तेव्हा नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईचं दुखणं तिला माहीत होतं, पण किती वाढलंय ते माहीत नव्हतं. "परीक्षा होऊ दे तिची, मग सांगा," असं ताईने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "मला मागे घेऊन चल." मी तिला धरून नेलं. तिने स्वतःच्या हाताने पाच-सहा दांड्या कापल्या. खालची एकदोन फुलंच उमललेली, वर सगळ्या कळ्या. तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"पोरीसाठी," ती म्हणाली. "परीक्षा संपली की येईल ना. तोवर टिकव."

"इतके दिवस कशा टिकतील गं ताई?"

"टिकतात. मी सांगते तसं कर."

तिने खाटेवर पडून सांगितलं आणि मी केलं. लोणच्याची काचेची बरणी राखेने घासून घेतली. दांड्यांची टोकं बादलीतल्या पाण्यात बुडवून तिरकी छाटली. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकली. पाण्यात चिमूटभर साखर घातली आणि लिंबाचे दोन थेंब पिळले. रोज पाणी बदलायचं, टोक थोडं छाटायचं, खालचं सुकलेलं फूल खुडायचं, म्हणजे वरच्या कळीला जोर मिळतो. बरणी माठाशेजारी गारव्याला ठेवली. तरी तिची नजर फिरतच होती.

"खाटेखाली चिकू आहेत का?"

भेटायला येणाऱ्यांनी आणलेले चिकू पोत्याखाली पिकत घातले होते.

"ते पडवीत ने. पिकत्या फळाजवळ फुलं माना टाकतात."

तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. पण सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "वरची उमलली का?" मी बरणी उचलून तिच्यापुढे धरायची. ती वासासाठी मान पुढे करायची, मग थकून उशीवर टेकायची.

परीक्षेचा शेवटचा पेपर राहिला होता, तेव्हा एका दुपारी ती गेली. मी तिच्या ओठाला ओला कापूस लावत होते. श्वास थांबला हे मला लगेच कळलंही नाही.

भाचीला फोन गेला. ती मिळेल त्या गाडीने निघाली. पण ऊन कडक होतं, वडीलधाऱ्यांनी थांबता येणार नाही म्हटलं, आणि संध्याकाळी ताईला नेलं.

घर सारवून झाल्यावर ताईच्या सासूबाईंचं लक्ष बरणीकडे गेलं. "सुतकात शोभेची फुलं? उचल ती, बाहेर टाक. लोक काय म्हणतील?"

मी त्यांना म्हटलं, "मावशी, ही शोभेची नाहीत. तिने लेकीसाठी कापलीत."

"जिची होती ती गेली, आता काय करायचीत?"

भावोजी उंबऱ्यात बसले होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे आई. पोर येईपर्यंत राहू दे."

म्हातारी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मग तिचंही रडू ऐकू आलं.

भाची दुसऱ्या दिवशी पोचली. आधी रिकाम्या खाटेला मिठी मारून ओरडली, "मला का नाही सांगितलंत?" तिला फुलं दाखवायचं धाडस मला झालं नाही. वासानेच तिचं लक्ष गेलं. खालची सारी फुलं खुडलेली, वर तीनचार तेवढी पांढरी, शेंड्याला हिरव्या कळ्या.

"घरात निशिगंध? कुणी ठेवला?"

"तुझ्या आईने. तुझ्यासाठी. स्वतः कापला."

ती बरणीजवळ जमिनीवर बसली. बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाली, "मावशी, पाणी बदललंस आज?"

"नाही गं. आज कुठलं."

तिने बरणी मोरीवर नेली.

शेंड्याच्या त्या कळ्या उमलल्याच नाहीत, हिरव्याच पिवळ्या पडल्या. दहाव्याच्या आधी तिने दांड्या समुद्रात सोडल्या. पुढे तिने राहिलेला पेपर दिला, नोकरीला लागली. भावोजींनी निशिगंधाचे कांदे उपटून तिथे मिरची लावली. भाची आणि मी एकमेकींना फोन करतो. मला का नाही सांगितलंत, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिने विचारावं, असं मला फार वाटतं.