नावावरचा रफार

जालन्यात सुवर्णाबाईंनी बावीस वर्षं खानावळ चालवली. चाळीस माणसांच्या पोळ्यांचं पीठ त्या नजरेनं घ्यायच्या, पण दारावरची स्वतःच्या नावाची पाटी त्यांना वाचता येत नव्हती. नवरा लवकर गेला. मुलगा अवधूत त्या पोळ्यांवरच इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरीला लागला.

साठाव्या वर्षी त्या सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या. सून आश्लेषा त्यांना दर शनिवारी लायब्ररीत सोडायची. तिथे मालिनीकाकू नावाच्या रिटायर्ड डॉक्टर पाच-सहा बायकांना मराठी-इंग्रजी अक्षरं आणि हिशेब शिकवत. अवधूतला मात्र आश्लेषानं ‘भजनाचा ग्रुप’ असं सांगून ठेवलं होतं.

सुवर्णाबाईंचा रफार कधी ‘व’वर बसे, कधी काना ओलांडून पळे. आठव्या शनिवारी तो ‘ण’वर नीट बसला. कोणीतरी फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: ‘प्रौढ साक्षरता वर्ग. अभिनंदन, सुवर्णाकाकू!’

अवधूत फोन घेऊन किचनमध्ये आला.

“हे काय आहे?”

“माझं नाव.”

“आई, माझा मॅनेजर आहे त्या ग्रुपवर! माझी आई अंगठाछाप आहे हे सगळ्यांना सांगायची काय गरज होती?”

“आता कुठं राहिले अंगठाछाप?”

“क्लास बंद. या वयात शिकून कुठे नोकरी करायचीय तुला?”

सुवर्णाबाईंनी तवा उतरवला. “पाचवीत तू मास्तरांना सांगायचास, आई आजारी आहे. पालकसभेला मला न्यायचं नव्हतं तुला. एकदा ते मास्तर खानावळीत जेवायला आले. म्हणाले, ताई, आता बरं वाटतंय का? मी म्हटलं, वाटतंय.”

अवधूतचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “त्याचा इथे काय संबंध?” म्हणून तो जिना चढून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या शनिवारी तो दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडला. सुवर्णाबाईंनी आश्लेषाचा कोट चढवला आणि डेटा सेंटरच्या कुंपणाच्या कडेनं, फुटपाथ नसलेल्या रस्त्यानं पाऊण तास चालत लायब्ररी गाठली. संध्याकाळी अवधूतनं मालिनीकाकूंना फोन केला.

“माझ्या आईला काही झालं तर जबाबदार तुम्ही.”

“किल्ल्या तुझ्या खिशात होत्या, माझ्या नाही,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर दर शनिवारी त्या दारात येऊन हॉर्न वाजवू लागल्या. अवधूतनं त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. आईशीही तो आश्लेषामार्फतच बोले. “त्यांना सांग, हीटर बंद करू नका.” चार महिने त्या घरात ‘आई’ हा शब्द ऐकू आला नाही.

परतीच्या दिवशी एअरपोर्टवर एक माणूस व्हीलचेअर घेऊन आला. बोर्ड वाचता न येणाऱ्या आईवडिलांसाठी पुष्कळ जण करतात, तशी अवधूतनं ती बुक केली होती.

“माझे पाय धड आहेत,” सुवर्णाबाई म्हणाल्या.

“नाटक नको. गेट कसं शोधणार? हरवशील.”

त्यांनी बोर्डिंग पासवर बोट ठेवलं. “सी. सतरा.” मग आश्लेषाला जवळ घेतलं, बॅगेची दांडी ओढली आणि रांगेत शिरल्या. त्या मागे वळून बघतील म्हणून अवधूत बराच वेळ थांबला. त्या वळल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आश्लेषाच्या फोनवर मेसेज आला: ‘पोचले.’

अवधूतला आला नाही.