नाना आणि दुपारी थांबणारे पोकलेन

मशीन बंद पडले म्हणून घाईघाईने बोलवावे आणि नानांनी येऊन आधी ड्रायव्हरच्या सीटवर नुसते बसून राहावे, हा प्रकार ज्यांनी सोसला आहे त्यांनाच माझे म्हणणे कळेल. बाहेर रस्त्याचे काम अडलेले, डंपर रांगेत उभे, ठेकेदार फोनवर ओरडतोय, आणि हा माणूस केबिनमध्ये मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेला. काय करताय विचारले, तर म्हणायचे, "ड्रायव्हर दिवसभर बसतो. मी घटकाभर बसलो तर तुझं काय जातं?"

नाना मूळचे पाचोऱ्याचे, बोलणे अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणायचे. धुळ्याच्या बायपासला त्यांचे पत्र्याचे दुकान होते. पोकलेन, लोडर, रोलर यांची वायरिंग बघायचे, त्यातही सेन्सरची. हल्लीच्या मशीनला जागोजागी सेन्सर असतात. इंजिन तापले, तेलाचा दाब उतरला, की ते खबर देतात आणि मशीन स्वतःला वाचवायला थांबते. पण सेन्सरपासूनची वायर कुठे घासली, कुठे ओलावली, तर काही झालेले नसतानाही मशीन थांबते. ती जागा शोधणे हे नानांचे काम. वायरांचा जुडगा डाव्या हाताने वीत-वीत हलवत जायचे आणि मीटरचा काटा कुठे उडतो ते बघायचे. वेळ किती लागेल हे विचारायची सोय नव्हती.

स्क्रीनवर बिघाडाचा नंबर आला की बाकीचे मिस्त्री सरळ सेन्सर बदलून मोकळे होत. नाना तो नंबर वाचत, आणि मग त्याच्याकडे पाठ करत. "ही नुसती गल्ली शे," म्हणायचे. "चोराचं घर अजून शोधानं शे." हे वाक्य त्यांना स्वतःला इतके आवडायचे की एका कामात तीनतीनदा ऐकावे लागे. विनयाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. दुसऱ्याने मारलेला वायरचा जोड दिसला की त्याच्या सात पिढ्या काढायचे.

माझा आणि त्यांचा खटका उडाला तो शिंदखेड्याकडच्या रस्त्याच्या कामावर. युवराज नावाचा आमच्या चालक संघटनेचा सभासद तिथे पोकलेन चालवत होता. त्याचे मशीन रोज जेवणाची सुट्टी संपली की थोड्याच वेळात थांबायचे. इंजिन तापल्याचा लाल दिवा, आणि बंद. मिस्त्री येईपर्यंत ऊन उतरायचे, आणि त्याच्यासमोर मशीन अगदी शहाण्यासारखे चालायचे. ठेकेदार शेठचा निष्कर्ष सोपा होता. युवराजला जेवल्यावर झोप हवी असते, म्हणून तो काहीतरी करतो. या आठवड्यात कारण सापडले नाही तर त्याने घरी बसावे, आणि बाकीच्या ठेकेदारांनाही आपण सांगून ठेवू, असे शेठ सगळ्यांसमोर म्हणाला. असे एकदा सांगून ठेवले की या भागात त्या ड्रायव्हरला कोणी मशीनवर चढू देत नाही.

संघटनेची पत्रके मी लिहितो. युवराज निर्दोष, शेठ कामगारद्रोही, असा मजकूर माझ्या डोक्यात तयारच होता. नाना आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की वायर खराब आहे एवढे त्यांनी शेठला सांगावे, पुढचे आम्ही बघतो. नाना म्हणाले, "पत्रकवाले भाऊ, पहिले बठ्ठं देखानं, मंग तोंड उघडानं." बठ्ठं म्हणजे सगळं. आणि गेले सीटवर बसायला.

एप्रिलचे ऊन. केबिनची भट्टी झालेली. जेवण झाले, युवराज चढला, नाना त्याच्या पाठीमागे अंग चोरून उभे राहिले. युवराजने नेहमीसारखे केले. पाण्याचा कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळला, त्यावर आणखी पाणी ओतले, आणि सीटमागच्या हुकाला टांगला. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणता ड्रायव्हर हे करत नाही? थोड्या वेळाने लाल दिवा लागला. नानांनी कॅन उचलला. त्याच्या बरोबर खाली सेन्सरच्या वायरांची जोडपट्टी होती, गोणपाटाचे पाणी तिच्यावर ठिबकत होते. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. पाणी असेपर्यंत इंजिन तापल्याची खोटी खबर जायची, आणि उन्हाने वाळले की सगळे ठीक.

"कॅन युवराजनं टांगला," नाना खणखणीत आवाजात म्हणाले.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. शेठ खूश होऊन म्हणाला, "बघा, मी म्हणतच होतो." युवराज खाली मान घालून उभा. मी मध्ये पडायला गेलो, तर नानांनी मलाच गप्प केले आणि शेठकडे वळले. "थांबा की. पाणी गार करावं लागतं, कारण केबिनचा पंखा बंद शे. यानं किती वेळा सांगितलं तुम्हाला?" शेठने ते उडवून लावले. पण नाना आधीच डॅशबोर्डखाली घुसले होते. मग पंख्याची सुटी वायर हातात धरून ते बाहेर आले. टोकाला पिवळी टेप, नीट दुमडलेली.

"ही टेप मन्ही शे," ते म्हणाले. मागच्या उन्हाळ्यात बॅटरी उतरत होती, तेव्हा तात्पुरती म्हणून वायर त्यांनीच सोडवली होती. पुन्हा जोडायला आलेच नाहीत. "शेठ, घरी बसवायचंच तर पहिले माले बसवा."

शेठने त्यांचे ऐकले. युवराजला ठेवले, कारण सगळी साइट ऐकत होती आणि आता त्याला एकट्याला काढायचे तर कारण उरले नव्हते. नानांना मात्र त्याने आपल्या एकाही मशीनला पुन्हा हात लावू दिला नाही. त्याच्या ओळखीतले बाकीचेही हळूहळू दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले.

आणि माझे पत्रक? त्यात खलनायक कोण, हेच मला ठरवता येईना. नानांवर अन्याय झाला असे लिहितो म्हटले, तर म्हणाले, "लिही. पण पंखा कोणी तोडला तेही लिही." असल्या मजकुरावर कोण घोषणा देणार?

दिवाळीनंतर त्यांनी दुकान मोडले आणि मुलाकडे सुरतेला निघाले. धुळ्याच्या स्टँडवर मी सोडायला गेलो, ते खरे तर भांडायलाच. म्हटले, नाना, तुम्हाला थांबता येत नव्हतं का? वायर ओली झाली म्हणायचं आणि गप्प बसायचं.

"मग दुसऱ्या दिवशी परत बंद पडलं असतं."

मग कॅनपाशी थांबायचं.

"मग युवराज घरी बसला असता."

मग शेठपाशी तरी. पंखा शेठने दुरुस्त केला नाही, इथे संपवायचं. सगळ्यांना पटलं असतं, तुमचा धंदाही राहिला असता.

नानांनी पिशवी उचलली, माझ्याकडे असे बघितले जसे दुसऱ्याने मारलेल्या जोडाकडे बघायचे, आणि बसमध्ये चढले. खिडकीतून तरी काही बोलतील म्हणून मी उभा राहिलो. ते शेजारच्याला सरकायला सांगत होते.