सुखदेव साउंडवाल्यांचा प्रोसेसर

लोणी काळभोरच्या सुखदेव काळभोरांनी तीस वर्षं वरातींपुढे आणि मिरवणुकींत स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या. हडपसरपर्यंतच्या खिडक्यांच्या काचा त्यांना ओळखायच्या. पोलिसही. पोटच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी हात जोडले म्हणून आवाज कमी केला, तोही व्याही म्हणून. त्यानंतर मात्र त्यांच्या मनात आलं, आता घरी बसून पिक्चर बघावेत, गाणी ऐकावीत.

स्पीकर घरात होतेच. ॲम्प्लिफायर तर इतके, की त्यांतल्या दोनांवर कोंबड्या बसायच्या. नव्हता तो प्रोसेसर, म्हणजे टीव्हीचा आवाज समोरचा, बाजूचा, मागचा असा निवडून एकेका ॲम्प्लिफायरकडे धाडणारा डबा. मोठ्या शोरूमवाल्यांनी त्यांना सोफ्यापर्यंत सगळं दाखवलं, तो डबा सोडून. शेवटी बायकोला, प्रेमलाबाईंना, मोटरसायकलवर मागे बसवून ते नारायण पेठेतल्या दिगंबर आगाश्यांच्या दुकानात आले.

"बजेट?" आगाश्यांनी वर न बघता विचारलं.

"साठ हजाराच्या आत. गाणी बी ऐकायचीत, पिक्चर बी बघायचेत."

"काम काय करता?"

"साउंड हाय माझा. वरातीचा."

आता आगाश्यांनी वर बघितलं. "अच्छा. म्हणजे ते तुम्ही."

त्यांनी तीन डबे मांडले. पहिल्याला निळे दिवे, अकरा स्पीकरांची सोय. दुसरा मधला. तिसरा गेल्या सालचा, सगळ्यांत स्वस्त, सातच स्पीकरांचा आणि दिसायला मीटरच्या पेटीसारखा. तिन्हींवर त्यांनी पिक्चरमधला एकच प्रसंग आणि एकच अभंग लावला.

"पयल्याचा बेस भारी हाय," सुखदेव म्हणाले.

"बेस तिन्हींचा सारखाच आहे. तुम्ही दिवे ऐकताय."

प्रेमलाबाई म्हणाल्या, "पहिल्यात ती बाई काय पुटपुटली, कळलंच नाही. तिसऱ्यात कळलं. अन् अभंगात मागं टाळ हाय बघा, बारीक."

"टाळ कुठाय?"

"आत्ता वाजतोय की."

सुखदेवांनी मान तिरकी केली. मग उजवा कान पुढे केला. मग आगाश्यांकडे बघितलं. टोमणा मारायची संधी आगाश्यांनी उभ्या जन्मात सोडली नव्हती. ते हळूच म्हणाले, "टाळ आहे."

प्रेमलाबाईंना दोन वर्षांपासून संशय होता. "चहा घेता का दूध, विचारलं तर हे म्हणतात 'हो'," त्या म्हणाल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तीस वर्षं स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहून सुखदेवांनी दुसऱ्यांच्याच कानांची चेष्टा केली होती. "मग तूच निवड," ते म्हणाले. "तुला ऐकू येतंय त्यो घे."

तिसरा घेतला. पैसे मोजून झाल्यावर आगाशे म्हणाले, "माझ्या घरी हाच आहे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही घेतला नसता."

घरी नवीनच भानगड निघाली. डब्यासोबत एक छोटा माईक होता. तो सोफ्यावर ठेवायचा, मग डबा खोली मोजून प्रत्येक स्पीकरचा आवाज बेताचा करून देतो. पडद्यावर सारखं येत होतं, खोली शांत करा. सुखदेव म्हणाले, खोली शांतच आहे. प्रेमलाबाई म्हणाल्या, ॲम्प्लिफायरचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे फिरतायत. मग भिंतीला भोक पाडून ॲम्प्लिफायर शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गेले. कोंबड्या दोन दिवस रुसल्या. डब्याने मात्र खोली पास केली.

रविवारी सकाळी पिक्चर लावला. समोरच्या स्पीकरमधून माणसं स्वच्छ बोलत होती. दहाव्या मिनिटाला प्रेमलाबाई खो खो हसल्या.

"काय म्हणाला?"

त्यांनी पिक्चर थांबवला, सांगितलं, आणि सुखदेव एकटेच नव्याने हसले. असं तीसेक वेळा झालं. अडीच तासांचा पिक्चर जेवण धरून संध्याकाळी पाचला संपला. तेवढ्या वेळात प्रेमलाबाईंनी सोमवारची कानाच्या डॉक्टरांची वेळ फोनवर घेऊन टाकली.

"डॉक्टरकडं जायचं का?" त्यांनी विचारलं.

सुखदेव "हो" म्हणाले.

"काय विचारलं मी?"

"डॉक्टरकडं जायचं का. एवढं येतंय ऐकू," ते चिडून म्हणाले आणि दुसरा पिक्चर शोधायला लागले.