पाणकणसातली चौदा घरटी

कयाकमध्ये, म्हणजे त्यांच्या दोन माणसांच्या अरुंद होडीत बसण्याआधी शेजारचे भाऊ वल्ह्याचं टोक चिखलात खुपसून पाहायचे आणि म्हणायचे, "आज पानी हाय." मग जरा थांबून, "परत बघू." पुन्हा खुपसायचे. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं तयार माल तपासणाऱ्या माणसाचा पहिल्या मापावर विश्वास नसतो. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

ते मूळचे मोशीचे. घरामागे इंद्रायणीच्या काठाला पाणथळ, त्यात पुरुषभर उंच पाणकणीस. मी शेजारच्या नव्या सोसायटीतला. पहिली शिफ्ट करून आले की हाक मारायचे, "चला राव, पुढं वजन पायजे." वजन म्हणजे मी.

त्या वर्षी सोमवारी काठ साफ करायला ठेकेदाराचं यंत्र येणार होतं, आणि पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "घरटी किती, कुठं, ते दाखवा. तेवढा पट्टा ठेवतो."

रविवारी सकाळी आम्ही एका वाटेने आत गेलो, दुसरीने परतलो. जाताना चौदा घरटी दिसली, येताना नऊ. मी बेरीज केली आणि सुपरवायझरला फोन करून तेवीस सांगूनही टाकली.

भाऊ म्हणाले, "ही नऊ त्या चौदातलीच असली तर? दुसऱ्या अंगानं दिसली असतील."

"असू द्या की भाऊ. जास्त सांगितलेली बरी."

"न्हाई. कंपनीत तपासल्याल्या नगावर हिरवा ठिपका देतो आमी. दुसऱ्यांदा मोजायला नको म्हनून."

दुपारी हिरव्या दोऱ्याचं रीळ घेऊन पुन्हा गेलो. घरट्याला हात न लावता, हातभर अलीकडच्या पात्याला दोरा बांधत गेलो. परतीच्या वाटेवर नऊच्या नऊ ठिकाणी हिरवं दिसलं. घरटी चौदाच. चूक माझी होती.

सोमवारी सुपरवायझर हसला. "काल तेवीस, आज चौदा. उद्या चार सांगाल!"

"बसा पुढं. तुमीच मोजा."

"मला पोहता येत नाही."

"कमरंएवढं पानी हाय. जाकीट घाला."

तासाभराने तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन उतरला. आमच्याकडे न बघता यंत्रवाल्याला ओरडला, "तिकडच्या टोकापासून सुरू कर रे. हिरव्या दोऱ्याच्या अलीकडं यायचं नाही!"

त्याच आठवड्यात कंपनीने भाऊंना परराज्यातल्या नव्या प्लांटवर पाठवलं. पिल्लं बाहेर पडली तेव्हा मी एकटाच आत गेलो आणि तिथूनच फोन लावला.

"किती?"

"एका जागी थांबत नाहीत हो. मोजतोय तोवर आत पळतात."

पलीकडून मशिनचा आवाज येत होता. भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. फोन त्यांच्याकडं धरा जरा, ऐकू द्या."

मी फोन पाणकणसाकडे धरला.